आतल्या खोलीतला उजवाड

मे महिन्यातला साडेबाराचा मुहूर्त म्हणजे फोटोग्राफरच्या पत्रिकेतला शनी. भटजी त्याला अभिजित म्हणतात. मी काही म्हणत नाही, कारण आगाऊ रक्कम घेतलेली असते.

गोवा साधारण 15.5 अंश उत्तर अक्षांशावर येतो. त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या तळव्यांखाली गुडूप होते. शून्य सावलीचा दिवस. ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा पाऊस असतो आणि लग्नं नसतात. शिवाय आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशाप्रमाणे चालतात आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून इथला खरा मध्यान्ह बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होतो. अभिजितही त्याच सुमाराचा. अक्षता पडतात, जोडपं देवाला नमस्कार करायला अंगणातून निघतं, आणि नेमका तेव्हाच उजेड वरून उभा कोसळत असतो. कपाळ चकाकतं, नाकाखाली मिशीसारखी सावली येते, डोळ्यांच्या जागी दोन खाचा. कितीही देखणी नवरी असो, फोटोत ती तीन रात्री न झोपल्यासारखी दिसते. (ती झोपलेली नसतेच. पण ते अल्बममध्ये कुणाला नको असतं.)

अशा वेळी मी त्यांना ओढत एखाद्या खांबाआड नेते. मागून कुणीतरी मावशी ओरडतेच, "अगो, तिका सावळेंत कित्याक व्हरता? फोटोंत तोंड दिसूंक जाय!"

तोंड दिसायला हवं. पंचवीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे, आणि माझ्याआधी बाबांनी ऐकलं.

बाबांचा स्टुडिओ फोंड्याला, वरच्या बाजारात होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. फोंड्याला लग्नाच्या फोटोग्राफरला काम कमी नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सगळी देवस्थानं स्कूटरच्या एका टाकीत येतात, आणि देवळांच्या सभागृहांत, अग्रशाळांच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळांच्या, आवारात मोसमात लग्नामागून लग्न लागत असतं. बाबांकडे एक तपकिरी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांचे हिशेब नव्हते, उजेडाचे होते. प्रत्येक हॉलला, प्रत्येक जुन्या घराला एक पान. नावं गाळून दोन-चार नोंदी देते:

"पूर्वेचं दार. 9 ते 10 उत्तम. 11 नंतर फरशीवरून वर उजेड, नाकपुड्या दिसतात."

"छत लाकडी, काळं. फ्लॅश वर मारून उपयोग नाही, गिळतं."

"निळे पडदे. सगळी माणसं आजारी."

"उजव्या बाजूचा तिसरा खांब. वरमाय तिथेच उभी राहते. हलवू नये, रागावते."

छताची नोंद नवख्याला समजावून सांगावी लागेल. फ्लॅश सरळ तोंडावर मारला तर चेहरा पापडासारखा सपाट होतो, म्हणून तो छताकडे वळवायचा. पांढऱ्या छतावर आपटून उजेड पसरून खाली येतो, ढगातून आल्यासारखा. पण कोरीव लाकडी छत किंवा उंच घुमट असेल तर तो वर जातो तो परत येतच नाही.

याचं गणित मी शाळेत शिकले नाही, तुळशीच्या लग्नात शिकले. तुळशीचं लग्न म्हणजे आमच्याकडची व्हडली दिवाळी, आणि त्यानंतरच खऱ्या लग्नांचा मोसम उघडतो. त्यामुळे दुरुस्त करून आणलेला कॅमेरा, नवी लेन्स, जुनाच पण नवं झाकण लावलेला फ्लॅश, सगळ्याची रंगीत तालीम तुळशीवर. ही एकच नवरी अशी, की जी फोटो बघून तक्रार करत नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन. बाबांनी पणती वृंदावनापासून एका वितीवर ठेवायला लावली, मग दोन वितींवर.

"अंतर दुप्पट केलंस. उजेड किती राहिला?"

"निम्मा."

"चौथाई."

मी विश्वास ठेवला नाही. मग त्यांनी लाईट मीटर हातात दिला. चौथाईच होता. तीन वितींवर नववा हिस्सा. जवळ ठेवलेला दिवा समोरच्याला झगझगीत उजळतो आणि मागच्या सगळ्यांना काळोखात ढकलतो, लांबचा दिवा सगळ्यांना थोडं थोडं पण जवळपास सारखं देतो, हे त्या संध्याकाळी उसाच्या कांड्या आणि चिंचा-आवळ्यांमध्ये बसून मला कळलं. नंतर स्टुडिओतले जुने ग्रुप फोटो बघितले तर तेच. पुढच्या खुर्च्यांवरचे सासरे-व्याही चुन्यासारखे पांढरे, मधली रांग ठीक, आणि तिसऱ्या रांगेत, दाराच्या चौकटीपाशी, नुसते दात.

लग्नात दिव्याजवळ कोण उभं राहणार हे फोटोग्राफर येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. हे मात्र मला कळायला बराच उशीर लागला.

मधे एक काळ असा आला की सावलीचं नावच नको. नव्वदच्या दशकात व्हिडिओवाले आले आणि त्यांच्याबरोबर हजार-हजार वॉटचे हॅलोजन. एक पोरगा तो दिवा डोक्यावर धरून नवऱ्या मुलाच्या पुढ्यात उलटा चालायचा. होमाचा धूर कमी म्हणून की काय, त्या दिव्यावर जळणाऱ्या किड्यांचा वास. नवरीच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत यायचं. बाबा आणि व्हिडिओवाला यांच्यात सप्तपदीच्या वेळी दर वेळी भांडण, तेही कुजबुजत, कारण मंत्र चालू. त्या कॅसेटी आज कुणाकडे चालत असल्या तर बघा: समईची ज्योत पेटलेली आहे हे ओळखूही येत नाही. तिच्या उजेडाचं काही उरलेलंच नाही.

आणि मग "उजळ" करण्याचा धंदा. इथे मला बाबांबद्दल जरा कडू लिहावं लागणार आहे. रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडकचं एक कार्ड यायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिला लॅबवाले 'शर्ली' म्हणायचे. कार्डावरच्या बाया बदलल्या तरी नाव तेच राहिलं. शर्लीची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर, असा सगळ्या जगाचा हिशेब. आता त्या यंत्रातून आमच्या सावळ्या मुलींचे फोटो निघाले की एक तर शाई फासल्यासारखे निघायचे, नाहीतर उजळायला गेलं की राखेसारखे. बाबांना हे ठाऊक होतं. तरी ते लॅबला चिठ्ठी द्यायचे: "वधू, दोन पॉइंट उजळ." वराला अर्धा पॉइंट. मी विचारलं तर म्हणाले, "पैसे कोण देतं?" उत्तर खरं होतं आणि मला अजून आवडत नाही. आज मोबाइलमध्ये तेच काम बोटाच्या एका फटक्यात होतं, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला निदान जी थोडी लाज वाटायची, तीसुद्धा उरलेली नाही.

पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्यात 1870 साली जन्मलेला माणूस, मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकवलं, 1935 साली गेला. लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे. आम्हा फोटोवाल्यांत रेम्ब्रांट म्हणजे गालावरचा त्रिकोण: उजेड एका बाजूने, जरा वरून आला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि काळोख्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एवढासा त्रिकोण उरतो. तो शोधायलाच मी पहिल्यांदा गेले होते. मोजायला म्हणा. पण तिथे उभी राहिले आणि त्रिकोण विसरले. त्रिंदादांनी घरातल्या माणसांची चित्रं काढली, बायकोची, मुलींची. त्या बायका सावळ्या आहेत आणि कुणी त्यांना दोन पॉइंट उजळ केलेलं नाही. सावळी कातडी उजेड कसा घेते, हे फ्लॅशच्या माऱ्यात कधी दिसतच नाही. गोरा गाल उजेड बराचसा परत फेकतो. सावळा गाल थोडा ठेवून घेतो आणि जिथे वळतो तिथे एक लकेर सोडतो, तांब्याच्या घागरीवर येते तशी. ती लकेर यायची तर उजेड कडेनेच यायला हवा, आणि कडेने उजेड म्हणजे दुसरी कड काळोखात.

सूर्याच्या बायकोची गोष्ट लग्नाच्या गर्दीत मला हटकून आठवते. संज्ञेला नवऱ्याचं तेज सोसेना, म्हणून ती आपली छाया घरात ठेवून निघून गेली. छायेने संसार केला, मुलं वाढवली, शनी तिचाच. पुढे भांडं फुटलं तेव्हा संज्ञेचा बाप विश्वकर्मा याने जावयाला चाकावर धरून त्याचं तेज थोडं तासून काढलं, मग कुठे मुलगी नांदायला आली. मी पांढऱ्या छत्र्या, पडदे, जाळ्या गाडीत भरते तेव्हा मला हा सासरा डोळ्यांपुढे दिसतो. दिव्यापुढे मलमल लावणारा जगातला पहिला कारागीर तोच असणार. फक्त छायेचं पुढे काय झालं, हे गोष्ट सांगणारे घाईत सांगतात.

अंतरपाटाकडे कुणी उजेडाचं साधन म्हणून बघत नाही, पण मी बघते. सभामंडपाच्या एका बाजूला दार असेल तर दोघांच्या मधे धरलेलं ते शुभ्र कापड दाराकडून येणारा उजेड झेलतं आणि एकाच्या चेहऱ्यावर परत टाकतं. दाराकडचा चेहरा असा दोन्हीकडून उजळतो, पलीकडचा चेहरा कापडातून गाळून आलेल्या उजेडात, दुधात बुडवल्यासारखा. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांच्या अंगावर दोन वेगवेगळ्या वेळा असतात, एकाची सकाळ, एकाची संध्याकाळ. मग "शुभ मंगल सावधान", कापड खाली, आणि पाव सेकंदात दोन्ही चेहऱ्यांवरचा उजेड बदलतो. नवरीने मान वर केलेली नसते, तेवढ्यात हा बदल होऊन गेलेला असतो. हा फोटो मला पंचवीस वर्षांत तीनदा जमला. बाकी वेळा मधे कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात.

समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताबद्दल मी लिहावं अशी अपेक्षा असेल तर माफ करा. गोव्याबाहेरून येणारी लग्नं, मिरामारची वाळू, दिवाडीची फेरीबोट, पर्रा गावचा माडांचा रस्ता, ते सगळं मीही करते, त्यावर घर चालतं. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे वीस-बावीस मिनिटांत अंधार पडतो, तेवढ्यात आटपायचं असतं, एवढंच त्यातलं कसब. तो उजेड सगळ्यांनाच सुंदर करतो. म्हणून मला त्यात फारसं काही करायचं उरत नाही.

मला बोलायचं आहे ते चुड्याच्या खोलीबद्दल.

लग्नाच्या आधी नवरीचा चुडा भरतात, बहुतेक मामाच्या घरी. कांकणकार काका सोडले तर त्या खोलीत पुरुष नसतात. बाबा कधी आत गेले नाहीत. वसरीवर बसून चहा प्यायचे, आणि नवरी हात भरून बाहेर आली की हिरवे हात पुढे धरून एक फोटो. त्यांच्या वहीत कित्येक घरांच्या पानांवर शेवटी एकच शब्द आहे: "आत?" प्रश्नचिन्हासकट.

मी आत गेले. फोंड्याच्या धंद्यात बाई असण्याचा मला झालेला पहिला फायदा हाच.

सहा वर्षांपूर्वीचं मडगावकडचं एक जुनं घर. राजांगणाच्या पलीकडे मधली खोली, तांबड्या कोब्याची, आणि तिला एकच खिडकी, शिंपल्यांची. काच परवडत नव्हती त्या काळात गोव्यातल्या घरांना चपट्या शिंपल्यांचे पापुद्रे चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवत. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही, नुसता उजेड येतो, आणि काय उजेड! बाजारात मिळणारी कुठलीही महागडी छत्री त्याच्यापुढे पाणी भरेल. खिडकीखाली पाटावर नवरी, पुढ्यात काका. एकेक बांगडी चढत होती आणि काचेतून गेलेला उजेड तिच्या मनगटावर हिरवी रेघ टाकत होता. सावलीलाही रंग असतो, हे पाहायचं असेल तर चुड्याइतकी चांगली जागा नाही.

खिडकीपासून दोन हातांवर पहिल्या सवाष्णी, ओटी-अक्षता घेऊन. त्यांच्या मागे शेजारणी. आणि तुळशीच्या लग्नातल्या गणिताप्रमाणे उजेड भराभर उतरत उतरत मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिथे उरलेल्या बायका. एक स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली. एक नवऱ्याने टाकलेली, असं मला नंतर कळलं. दोन विधवा, माजघराच्या दाराशी, उंबऱ्याच्या पलीकडे पाय ठेवून. त्यांना कुणी मागे उभं राहा म्हटलेलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही.

फिल्मच्या दिवसांत बाबांचा नियम होता, सावलीत मोज. निगेटिव्हवर उजेड जास्त झाला तर छापताना आवरता येतो, पण सावलीत काही उमटलंच नसेल तर कुठून आणणार? डिजिटल आल्यावर नियम उलटला. पांढरं एकदा जळलं की गेलं ते गेलं, सावलीतून मात्र मागाहून बरंच उपसता येतं, रव्यासारखे दाणे दिसतात एवढंच. यावरून आमची जेवताना भांडणं झालेली आहेत. त्या खोलीत मी 3200 आयएसओ लावला, म्हणजे कॅमेऱ्याला कमी उजेडातही बघायला लावलं, पडदा उघडा सेकंदाचा साठावा भाग, श्वास धरला आणि खिडकी जळू न देता वाचवली. मागच्या बायका काळोखात गेल्या.

घरी येऊन उपसून बघितलं. सगळ्या दिसल्या, स्वच्छ, ट्यूबलाईट लावल्यासारख्या. आणि फोटो मेला. उंबऱ्यावरच्या त्या दोघींनी जे अंतर पाळलं होतं तेच पुसलं गेलं, जणू त्याही आपल्या पुढच्या रांगेतल्याच. ती रीत मला पटत नाही. पण फोटोत उजेड ओतून मी ती मोडली असं होत नाही, फक्त लपवली असं होतं. मग परत खाली आणत आणत गेले. रात्रीचे दोन वाजले. काळं आणि काळोख यांच्यामधे कुठेतरी एक जागा असते, काळ्यात काही नसतं, काळोखात माणसं असतात. ती जागा स्क्रीनवर सापडली तरी कागदावर पुन्हा हरवते. चार प्रिंट फुकट गेल्या.

गिऱ्हाइकाने तो फोटो अल्बममध्ये घेतला नाही. नवरीची आई चांगली बाई, माझं मन मोडू नये म्हणून म्हणाली, "बरो आसा गो, पूण काळो जाला." पैसे पूर्ण दिले. पाचवी प्रिंट माझ्याकडेच राहिली, टेबलाच्या खणात.

गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पिवळं पडलेलं भिंग जाऊन नवं स्वच्छ बसलं की काही दिवस जग निळं दिसतं. बाबांनी पट्टी निघाल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर कपाटातले जुने अल्बम काढले आणि तासभर बघून अगदी खचून म्हणाले, "शेवटची दहा वर्षं मी सगळं निळसर छापलं गं. कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, लॅबचं यंत्र छापायचं, तुम्ही नव्हे. त्यांना पटलं नाही.

मग मी खणातली ती प्रिंट आणून दिली. म्हटलं, हीपण बघा, काळी आहे.

ते काही बोलले नाहीत. उठून खिडकीशी गेले, प्रिंट उजेडाला तिरपी धरली, चष्मा कपाळावर सारला, मग खाली आणला. नवरीकडे त्यांनी फार पाहिलं नाही. बोट डावीकडून उजवीकडे, कागदाला न टेकवता, हळूहळू सरकत होतं आणि ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणताहेत.

"नऊ," ते म्हणाले.

"आठ," मी म्हटलं. सहा वर्षं तो फोटो माझ्याकडे आहे. त्या खोलीत मी होते.

"दाराच्या मागे. नुसता पदर आहे आणि समईच्या तेलाची वाटी धरलेला हात."

मी त्यांच्या हातातून प्रिंट घेतली आणि त्यांना जरा बाजूला सरायला सांगितलं, कारण त्यांची सावली पडत होती.